फॅन्टसी फुटबॉलचे ऑल-टाइम रेकॉर्ड: आत्ता खेळणाऱ्यांपैकी कोण कुठवर पोचलंय? (२०२४ सीझनअखेरचे आकडे, धागा २०२५ च्या सीझनआधीचा)

आकडेमोड

फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि त्यांच्या मॅचमधल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे. इथे फुटबॉल म्हणजे एनएफएलचं (अमेरिकेतली व्यावसायिक लीग), बॉल हातात धरून पळायचं फुटबॉल. प्रीमियर लीगवाल्यांचा धागा वेगळा आहे, त्यांनी तिकडे सलाहचं कौतुक चालू ठेवावं.

ड्राफ्ट (आपापल्या टीमसाठी खेळाडू निवडायच्या फेऱ्या) जवळ आले की ‘फॅन्टसीतले सर्वकालीन टॉप टेन’ छापाच्या याद्या व्हॉट्सअपवर फिरायला लागतात, आणि कुठल्याही दोन याद्या जुळत नाहीत. यार्ड, टचडाउन (बॉल घेऊन गोल लाइन ओलांडणं), कॅच हे एनएफएलचे अधिकृत आकडे असतात, ते सगळीकडे सारखेच. फॅन्टसीचे पॉइंट मात्र ज्या त्या फॅन्टसी लीगच्या नियमाचे. तेव्हा आधी नियम, मग नावं.

या धाग्यापुरता हिशोब असा: पासिंगला (बॉल फेकून) २५ यार्डांना १, पासिंग टचडाउनला ४, इंटरसेप्शनला (पास विरोधकाने पकडला तर) उणे २. रशिंग (बॉल घेऊन पळून) आणि रिसीव्हिंगला (पास झेलून) १० यार्डांना १, टचडाउनला ६. पीपीआरमध्ये (पॉइंट पर रिसेप्शन) दर कॅचला १, स्टँडर्डमध्ये कॅचला काही नाही. अपूर्णांक धरायचे. हरवलेले फंबल (हातून सुटून विरोधकाकडे गेलेला बॉल) आणि टू-पॉइंट कन्व्हर्जन (टचडाउननंतर जादा दोन गुणांचा प्रयत्न) मी सोडून दिलेत, त्यामुळे साइटवरच्या आकड्याशी एका सीझनमागे काही पॉइंटांचा फरक पडेल. फक्त रेग्युलर सीझन, प्लेऑफ नाही.

क्वार्टरबॅकपासून (पास फेकणारा) सुरुवात करतो. टॉम ब्रेडी: ८९,२१४ यार्ड, ६४९ टचडाउन, २१२ इंटरसेप्शन, पळून १,१२३ यार्ड आणि २८ टचडाउन. म्हणजे ३,५६८.६ + २,५९६ − ४२४ + ११२.३ + १६८ = ६,०२०.९. सहा हजारांच्या वर दुसरं कोणी नाही. ड्रू ब्रीस सुमारे ५,२३७, पेटन मॅनिंग सुमारे ४,७०६.

खेळणाऱ्यांत सगळ्यात पुढे अर्थातच अॅरन रॉजर्स. ६२,९५२ यार्ड, ५०३ टचडाउन, आणि इंटरसेप्शन फक्त ११६. रशिंगचे साडेतीन हजारांहून थोडे जास्त यार्ड आणि ३५ टचडाउन धरले की सुमारे ४,८६५ होतात. मॅनिंग मागे पडला, ब्रीस ३७० च्या आसपास पुढे. २०२४ च्या सीझनला जेट्सकडून रॉजर्सचे झाले २५७ (३,८९७ यार्ड, २८ टचडाउन, ११ इंटरसेप्शन). त्याच गतीने ब्रीसला गाठायला दीड सीझन लागेल, ब्रेडीला साडेचार. डिसेंबर २०२५ मध्ये तो ४२ चा होतो आणि स्टीलर्सकडचा २०२५ चा बहुतेक शेवटचा सीझन असं स्वतःच म्हणाला होता. विषय संपला.

न्यूजर्सीकर

रॉजर्स झाला. खरी शर्यत अॅलन आणि माहोम्सची आहे, तिचं काय?

आकडेमोड

घ्या. दोघांनीही २०१८ ते २०२४ असे सात सीझन पूर्ण वेळ खेळलेत. माहोम्सची २०१७ मधली एकमेव मॅचही यात धरली आहे.

पॅट्रिक माहोम्स: ३२,३५२ यार्ड, २४५ टचडाउन, ७४ इंटरसेप्शन, पळून २,२४३ यार्ड, १४ टचडाउन. एकूण २,४३४.४.

जॉश अॅलन: २६,४३४ यार्ड, १९५ टचडाउन, ८४ इंटरसेप्शन, पळून ४,१४२ यार्ड, ६५ टचडाउन. एकूण २,४७३.६.

पासिंगमध्ये जवळपास सहा हजार यार्ड आणि ५० टचडाउन कमी, तरी अॅलन पुढे. गोल लाइनवर तो स्वतः घुसतो तेव्हा ६ मिळतात, माहोम्स तिथून त्याच्या टीममधल्या केल्सीला फेकतो तेव्हा ४. सगळी गंमत त्या दोन पॉइंटांत आहे. ब्रेडीला गाठायचं तर अॅलनला आजच्या सरासरीने (सीझनला ३५३) अजून दहा सीझन लागतील. तेव्हा तो ३९ चा असेल. पण पळणारा क्वार्टरबॅक ३५ नंतर असाच पळत राहील हे गृहीत धरणं मला पटत नाही. २०२४ अखेर त्याच्या आवाक्यात खरोखर होता तो कॅम न्यूटनचा ७५ रशिंग टचडाउनचा क्वार्टरबॅकांमधला रेकॉर्ड. तो गाठायला दहा हवे होते, आणि २०२३ आणि २०२४ ला त्याने १५ आणि १२ केलेत.

सहाचा_पास

पासिंग टचडाउनला ४ धरून ‘अॅलन पुढे’ म्हणणं म्हणजे निकाल आधीच ठरवून बसणं. बऱ्याच जुन्या लीग ६ देतात. तुमच्याच आकड्यांत दर पासिंग टचडाउनमागे २ वाढवा: माहोम्स २,९२४.४, अॅलन २,८६३.६. माहोम्स साठने पुढे. तुमच्या हिशोबात धरलेच नाहीत ते हरवलेले फंबल लावले तर अॅलनचं आणखी नुकसान, कारण जास्त पळणाऱ्याच्या हातून बॉल जास्त सुटतो.

एका सीझनच्या रेकॉर्डचंही तेच. लमार जॅक्सनचा २०२४ चा सीझन (४,१७२ यार्ड, ४१ टचडाउन, फक्त ४ इंटरसेप्शन, पळून ९१५ यार्ड, ४ टचडाउन) तुमच्या नियमाने ४३८.४ होतो. पेटन मॅनिंगचा २०१३ (५,४७७ यार्ड, ५५ टचडाउन, १० इंटरसेप्शन) ४२२. माहोम्सचा २०१८ (५,०९७ यार्ड, ५० टचडाउन, १२ इंटरसेप्शन, शिवाय रशिंग) ४१९.१. म्हणून सगळीकडे ‘लमारचा ऑल-टाइम रेकॉर्ड’ असं छापून आलं. आता ६ लावा: मॅनिंग ५३२, लमार ५२०.४, माहोम्स ५१९.१. २०१३ चा रेकॉर्ड अजून शाबूत.

जाता जाता, मॅनिंगचे त्या सीझनचे रशिंग यार्ड उणे ३१ आहेत. तो मागे पळाला म्हणून नव्हे. जिंकत आलेल्या मॅचच्या शेवटी गुडघा टेकून वेळ काढतात ना, ते दर वेळी उण्या यार्डांचं रशिंग म्हणून लागतं. आणि तरी त्याचं एक रशिंग टचडाउन आहे, डॅलसविरुद्धचं. अख्खं स्टेडियम रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) बघत असताना हा बॉल मांडीआड लपवून रमतगमत कोपऱ्यातून आत गेला.

कॅचला_शून्य

रिसीव्हरांचं (पास झेलणाऱ्यांचं) बघा, तिथे तर नियम बदलला की यादी चक्क उलटी होते. २०२४ अखेर:

माइक एव्हन्स: ८३६ कॅच, १२,६८४ यार्ड, १०५ टचडाउन
डेव्हांटे अॅडम्स: ९५७ कॅच, ११,८४४ यार्ड, १०३ टचडाउन
डीअँड्रे हॉपकिन्स: ९८४ कॅच, १२,९६५ यार्ड, ८३ टचडाउन

स्टँडर्ड: एव्हन्स १,८९८.४, अॅडम्स १,८०२.४, हॉपकिन्स १,७९४.५.
पीपीआर: हॉपकिन्स २,७७८.५, अॅडम्स २,७५९.४, एव्हन्स २,७३४.४.

तेच तिघं, तेच आकडे, क्रम बरोबर उलटा. एव्हन्सने एकेका कॅचमागे १५ यार्ड काढलेत, पण पीपीआर त्याला त्याबद्दल काही देत नाही. म्हणूनच पीपीआर मला कधीच पटलेलं नाही: जिथून खेळ सुरू होतो त्या लाइनच्या मागे पास झेलून तिथेच आपटला तरी कॅचचा १ पॉइंट.

गोललाइन_कोल्हापूर

रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांना साधारण एका पातळीवर आणायला पीपीआर आलं. त्याआधी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नुसते रनिंग बॅक उचलले जायचे. नियम वाईट नाही, फक्त दोन नियमांचे आकडे एकाच यादीत घालू नका.

कॅचला_शून्य

ते मान्य. बाकी पूर्ण पीपीआरपेक्षा अर्ध्या पॉइंटाचं बरं, इतकंच.

न्यूजर्सीकर

हे तिघंही जेरी राइसच्या जवळपास नाहीत ना पण?

आकडेमोड

अजिबात नाहीत. राइस: १,५४९ कॅच, २२,८९५ यार्ड, १९७ टचडाउन, वर रशिंगचे ६४५ यार्ड आणि १० टचडाउन. स्टँडर्ड ३,५९६, पीपीआर ५,१४५. पीपीआरमध्ये दुसरा लॅरी फिट्झजेराल्ड (१,४३२ कॅच, १७,४९२ यार्ड, १२१ टचडाउन), त्याचेही ३,९०७ च. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतरच बाराशेच्या वर. स्टँडर्डमध्ये टेरेल ओवेन्स (२,५११.४) फिट्झजेराल्डच्या (२,४७५.२) पुढे जातो, तेही कॅचच्याच हिशोबामुळे.

तरुणांत जस्टिन जेफरसन. पाच सीझन, ४९५ कॅच, ७,४३२ यार्ड, ४० टचडाउन. पहिल्या पाच सीझनमध्ये इतके यार्ड आजवर कोणाचे नव्हते. पीपीआर १,४७८.२, सीझनला २९५.६. राइसपर्यंत ३,६६७ उरले, म्हणजे याच गतीने आणखी साडेबारा सीझन. २०२५ मध्ये तो २६ चा. ३८ व्या वर्षापर्यंत एकही पडता सीझन चालणार नाही, आणि २०२३ मध्ये मांडीच्या दुखापतीने सात मॅच गेल्याच. राइस २० सीझन खेळला, हे विसरून लोक सरासरीवरून भविष्य सांगतात.

सरासरीवाली

म्हणूनच एकूण बेरजेपेक्षा मॅचमागचे पॉइंट बघावेत. कसोटीतल्या एकूण धावा आणि सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, तसंच हे. राइस ३०३ मॅच खेळला: पीपीआरमध्ये मॅचमागे १७.०. जेफरसन ७७ मॅचमध्ये १९.२. जामार चेस ६२ मॅचमध्ये १९.६ (३९५ कॅच, ५,४२५ यार्ड, ४६ टचडाउन, रशिंग सोडून). एकूण बेरजेत दोघं राइसच्या तिसऱ्या हिश्श्यालाही नाहीत, पण मॅचमागे त्याच्या पुढे आहेत. अर्थात राइसच्या सरासरीत चाळिशीतल्या शेवटच्या मॅचही आहेत, त्यामुळे हीसुद्धा सरळ तुलना नव्हे. वयाच्या त्याच टप्प्यापर्यंतची सरासरी काढली तरच काही अर्थ.

दुसरं, २०२१ पासून सीझन १७ मॅचचा झाला. कूपर कपचा २०२१ (१४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन) नुसत्या रिसीव्हिंगवर पीपीआरमध्ये ४३५.७ होतो. राइसचा १९९५ (१२२ कॅच, १,८४८ यार्ड, १५ टचडाउन) ३९६.८. अंतर मोठं वाटतं, पण कपला एक मॅच जास्त मिळाली, मॅचमागे २५.६ आणि २४.८. आणि यार्डांचा रेकॉर्ड जादा मॅच मिळूनही कपच्या हातून १७ यार्डांनी निसटला. तो कॅल्विन जॉन्सनचाच राहिला, २०१२ चे १,९६४.

गोललाइन_कोल्हापूर

रनिंग बॅक कोणीच घेतले नाहीत अजून. माझा प्रांत, मीच लिहितो.

एका सीझनचा रेकॉर्ड लॅडेनियन टॉमलिन्सन, २००६: १,८१५ रशिंग यार्ड, २८ टचडाउन, ५६ कॅच, ५०८ यार्ड, ३ टचडाउन. स्टँडर्ड ४१८.३, पीपीआर ४७४.३. त्याच सीझनला त्याने स्वतः टाकलेले दोन टचडाउन पास वेगळे, त्यांचे आणखी ८ धरा.

त्याला धडक दिली ती ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये: १,३८७ यार्ड, १५ टचडाउन, ११६ कॅच, १,००५ यार्ड, ४ टचडाउन. पीपीआर ४६९.२. पाचच पॉइंटांचं अंतर! पण स्टँडर्डमध्ये त्याचे ३५३.२, म्हणजे ६५ नी मागे. तिथे मार्शल फॉकचा २००० चा सीझनही (३७४.९) त्याच्या वर बसतो. ‘मॅकॅफ्रीने टॉमलिन्सनला जवळजवळ गाठलं’ हे वाक्य एकाच नियमात खरं आहे.

सेक्वॉन बार्कलीचा २०२४ डोळे दिपवणारा: २,००५ यार्ड. पण १३ रशिंग टचडाउन आणि फक्त ३३ कॅच, त्यामुळे स्टँडर्ड ३१८.३, पीपीआर ३५१.३. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स गोल लाइनवर ढकलाढकलीत स्वतः आत जातो, बार्कलीचे टचडाउन तिथे गळतात. आणि एरिक डिकरसनचा २,१०५ चा रेकॉर्ड मोडायला १०१ यार्ड हवे असताना ईगल्सने बार्कलीला शेवटच्या मॅचला बसवलं. प्लेऑफच्या दृष्टीने शहाणपणाचं, रेकॉर्डवाल्यांचा मात्र हिरमोड.

कारकिर्दीचं म्हणाल तर एमिट स्मिथ: १८,३५५ यार्ड, १६४ टचडाउन, ५१५ कॅच, ३,२२४ यार्ड, ११ टचडाउन. स्टँडर्ड ३,२०७.९, पीपीआर ३,७२२.९, दोन्हीत पहिला. खाली मात्र अदलाबदल होते. स्टँडर्डमध्ये टॉमलिन्सन (२,८१७.६) फॉकच्या (२,७३१.४) पुढे, पीपीआरमध्ये फॉक ३,४९८.४ आणि टॉमलिन्सन ३,४४१.६.

डेरिक हेन्री या पळापळीत कुठे? फक्त रशिंग धरू, कारण त्याचं रिसीव्हिंग नगण्य आहे. ११,४२३ यार्ड, १०६ टचडाउन: १,७७८.३. एमिटचं फक्त रशिंग २,८१९.५. रेव्हन्सकडून २०२४ मध्ये हेन्रीने १,९२१ यार्ड आणि १६ टचडाउन केले, म्हणजे २८८. असे साडेतीन-चार सीझन आणखी हवेत, आणि २०२५ मध्ये तो ३१ चा. एकूण रेकॉर्ड नाहीच मिळणार. रशिंग टचडाउनच्या यादीत मात्र २०२४ अखेर तो जिम ब्राउनच्या १०६ शी बरोबरीत होता. पुढे वॉल्टर पेटन ११०, एड्रियन पीटरसन १२०, मार्कस अॅलन १२३. २०२५ ला १७ मॅच खेळला तर पेटन मागे पडेलच, पीटरसनपर्यंत जाणंही अशक्य नाही.

सहाचा_पास

हेन्रीला डायनॅस्टी लीगमध्ये (जिथे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात) विकून टाका आणि या सीझनपुरत्या लीगमध्ये घ्या. रेकॉर्डच्या नादाने ३१ वर्षांच्या रनिंग बॅकसाठी भविष्यातल्या ड्राफ्टचे पहिल्या फेरीचे पिक देऊ नका.

पुणे_रात्रपाळी

शीटमध्ये हे स्वतः करून बघतोय. अॅडम्सचे पॉइंट वरच्यापेक्षा शंभराच्या वर जास्त येतात. काय चुकत असेल?

आकडेमोड

२०२४ मध्ये अॅडम्स रेडर्सकडून जेट्सकडे गेला. अशा खेळाडूच्या एका सीझनला स्टॅट साइटवर तीन ओळी असतात: पहिली टीम, दुसरी टीम, आणि दोन्हींची बेरीज. पूर्ण कॉलमची बेरीज मारली की तो सीझन दोनदा लागतो. हॉपकिन्सलाही (टायटन्स ते चीफ्स, २०२४) आणि मॅकॅफ्रीलाही (पँथर्स ते फोर्टीनाइनर्स, २०२२) हेच होईल. एकतर दोन्ही टीमच्या ओळी काढा, नाहीतर बेरजेची काढा.

आणखी काही ठिकाणं जिथे हिशोब फसतो. पेस्ट केलेल्या ‘११,८४४’ मधल्या स्वल्पविरामामुळे काही वेळा शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत शून्य धरते. आधी स्वल्पविराम काढून कॉलमचा फॉरमॅट नंबर करा. काही साइट पॉइंट पूर्णांकात मोजतात, १९ यार्डांना १ च. सबंध कारकिर्दीच्या एकूण यार्डांना भागलंत तर अपूर्णांक फार सुटत नाहीत, पण तिथे मॅचगणिक खालचा पूर्णांक धरतात, त्यामुळे लांब कारकिर्दीत मोठी तफावत पडते. इंटरसेप्शनला उणे १ की उणे २ हेही तपासा: ब्रेडीला एवढ्यावरून २१२ पॉइंट इकडेतिकडे होतात.

सरासरीवाली

यात एक भर. पळत समोरून जाणाऱ्या रिसीव्हरला क्वार्टरबॅकने बॉल हातात दिला तर ते रशिंग. तोच बॉल चार बोटं पुढे उडवला तर तो पास, म्हणजे कॅच, म्हणजे पीपीआरचा १ आणि क्वार्टरबॅकला पासिंग यार्ड. मैदानावर दिसायला दोन्ही सारखंच. मॅच संपल्यावर आठवड्याच्या मध्यात स्टॅट करेक्शन येतात ती बहुतेक अशाच गोष्टींची: पास पुढे गेला की मागे, फंबल कोणाच्या नावावर. सोमवारी रात्री अर्ध्या पॉइंटाने जिंकलात तर लगेच मिरवू नका.

शिवाय बहुतेक लीग १७ व्या आठवड्यात संपतात, १८ वा धरत नाहीत. वरचे सगळे सीझनचे आकडे मात्र पूर्ण सीझनचे आहेत. तुमच्या लीगच्या इतिहासातला रेकॉर्ड काढायचा तर शेवटचा आठवडा वजा करावा लागेल.

पुणे_रात्रपाळी

बेरीज जुळली. भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळा लिहून ठेवतो: रविवारच्या (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने) दुपारी एकच्या मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकराला. न खेळणाऱ्यांची यादी दीड तास आधी लागते, म्हणजे आधी नऊला, नंतर दहाला. जेवण उरकून तेव्हा लाइनअप बघितलं की पुरतं. सोमवारची रात्रीची मॅच आपल्याकडे मंगळवारी पहाटे पावणेसहाला, नंतर पावणेसातला. त्या मॅचमधला दुखापतीची शंका असलेला खेळाडू फ्लेक्समध्येच ठेवा, त्याच्या ठरलेल्या जागेवर नको. तो बसला तर पर्याय म्हणून त्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही लावता येतो.

न्यूजर्सीकर

टाइट एंड (पास झेलणारे आणि विरोधकांना अडवणारेही) राहिले. केल्सी टोनी गॉन्झालेझला गाठतो का?

आकडेमोड

नाही. गॉन्झालेझ: १,३२५ कॅच, १५,१२७ यार्ड, १११ टचडाउन; स्टँडर्ड २,१७८.७, पीपीआर ३,५०३.७. ट्रॅव्हिस केल्सी: १,००४ कॅच, १२,१५१ यार्ड, ७७ टचडाउन, १,६७७.१ आणि २,६८१.१. पीपीआरमध्ये आठशेच्या वर अंतर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ३६ चा होतो.

त्याच्यासमोर आहे अँटोनिओ गेट्स (९५५ कॅच, ११,८४१ यार्ड, ११६ टचडाउन). पीपीआरमध्ये गेट्स २,८३५.१, म्हणजे १५४ पुढे. केल्सीचे २०२४ चे पीपीआर होते १९७.३ (९७ कॅच, ८२३ यार्ड, ३ टचडाउन), तेव्हा नेहमीसारख्या एका सीझनमध्ये गेट्स मागे पडेल. स्टँडर्डमध्ये अंतर २०३ आणि केल्सीचा वेग सीझनला १००, म्हणजे दोन सीझन पुरायचे नाहीत. कॅचला दीड देणाऱ्या टाइट एंड प्रीमियम लीगमध्ये गेट्स ३,३१२.६ आणि केल्सी ३,१८३.१. तिथे १३० च हवेत, २०२४ च्या वेगाने नऊ मॅचमध्ये, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतील.

कॅचला_शून्य

आणि स्टँडर्डमध्ये केल्सीच्या पुढे जेसन विटनही आहे, १,७४८.६. तो ७१.५ पॉइंटांवर. २०२५ ला केल्सीचं आधी तेवढंच बघा.